सोलापूर–शेगाव प्रवासात लोणारसाठी वाट वाकडी करावी का?

सातरस्ता
नमस्कार मंडळी. डिसेंबरात शनिवार-रविवार धरून शेगावला जायचं ठरतंय. स्वतःची सात आसनी गाडी आहे. आम्ही सहा जण : आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे, बाबांचे गुडघे दुखतात), आम्ही दोघं आणि नऊ व तेरा वर्षांची मुलं. रस्ता तुळजापूर–बीड–जालना–चिखली–खामगाव असा धरलाय. घरात निम्म्यांचं म्हणणं की एवढं जातोच आहोत तर लोणारचं उल्काविवर बघून जाऊ. बाकीच्यांचं म्हणणं की फोटोत नुसतं एक गोल तळं दिसतं, त्यासाठी अर्धा दिवस कशाला घालवायचा? जाणकारांनी सांगावं :
- नक्की किती किलोमीटर आणि किती तास वाढतात?
- खाली न उतरता बघण्यासारखं काही आहे का?
- डिसेंबर योग्य आहे का?

सीनाकाठ
दादा, आधी रस्ता बदला, मग वाट वाकडी करायचा प्रश्नच बराचसा सुटतो.

राष्ट्रीय महामार्ग ५४८-सी, म्हणजे शेगाव–पंढरपूर मार्ग म्हणतात तो, लोणारवरूनच जातो. सोलापूरहून बार्शी गाठा. पुढे येरमाळा, कळंब, केज, धारूर, माजलगाव, परतूर, मंठा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव. सोलापूर ते लोणार साधारण ३१५ ते ३२५ किलोमीटर, लोणार ते शेगाव ११० ते ११५. तुमचा जालना–चिखलीचा रस्ताही ४३०-४४० च्या घरात जातो. दोन्हींत फरक पडला तर दहा-वीस किलोमीटरचा.

म्हणून किलोमीटरचा हिशोब सोडा, तासांचा धरा. बीडपर्यंतचा महामार्ग चौपदरी आहे, तिथे गाडी पळते. ५४८-सी बराचसा सिमेंटचा असला तरी गावं मध्ये येतात, ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या असतात, आणि डिसेंबर म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. माजलगाव पट्ट्यात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत. सरासरी ताशी पन्नासच्या वर धरू नका. पहाटे पाचला निघालात तर चहा-नाश्ता धरून साडेबारा-एकला लोणार.

एकच जागा जपून काढायची : धारूरचा घाट. अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, समोरून अवजड गाडी आली तर थांबून वाट द्यावी लागते. दिवसाउजेडी काही अडचण नाही. रात्री किंवा धुक्यात टाळा. टाळायचाच झाला तर येरमाळ्याहून सरळ बीड आणि तिथून वडवणी–तेलगाव–माजलगाव. अंतर थोडं वाढतं, घाट चुकतो.

बाळीवेस
मी थोडं विरोधात लिहिणार आहे, कारण लोणारला जाऊन "एवढंच?" म्हणत परतणारे बरेच असतात. दोष जागेचा नसतो, वेळेचा आणि अपेक्षेचा असतो.

खालीलपैकी एक जरी लागू असेल तर लोणार या खेपेला सोडा, पुढे कधीतरी नीट जा :
दुपारी साडेतीननंतर पोचणार असाल. डिसेंबरात तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि विवर खोल असल्याने आतली पश्चिम बाजू त्याच्या बरीच आधी सावलीत जाते. वरून करड्या खड्ड्यापलीकडे काही कळत नाही.
एप्रिल-मेमध्ये जाणार असाल. काळा दगड तापतो, खाली वारा लागत नाही, चढून येताना उन्हाचा झटका बसू शकतो. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मुळीच नको.
हातात तासाभरापेक्षा कमी वेळ असेल. गाडी लावा, फोटो काढा, निघा, असं केलं तर ते खरंच एक गोल तळं आहे.
आणि शेगावला त्याच दिवशी दर्शन उरकायचं असेल. गुरुवार, शनिवार, रविवार, एकादशी या दिवशी रांगेला किती तास लागतील हे कुणी सांगू शकत नाही. लोणारला घालवलेले तीन तास तुम्हाला रात्रीच्या रांगेत उभे करतील, तेही सत्तरीच्या आई-बाबांसकट.

काळापाषाण
बाळीवेस यांचं वेळेचं गणित पटलं. पण "बघायचं काय" हे ठाऊक असेल तर एक तासही पुरेसा ठरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या सोलापुरात विहीर खणली की जो काळा पाषाण लागतो, तोच लाव्हाचा दगड लोणारखाली आहे. दख्खनच्या पठाराचा हा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. त्यावर फार नंतर बाहेरून एक उल्का आदळली आणि सुमारे १,८३० मीटर व्यासाचं विवर झालं. कडा ते पाणी साधारण १३७ मीटर खोल. पंचेचाळीस मजली इमारत आत उभी केली तर तिचा माथा कड्याला लागेल. विवर किती जुनं यावर दोन उत्तरं आहेत : एका पद्धतीने ५२,००० वर्षं, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५,७०,००० वर्षं. फलकावर आणि पुस्तिकेत वेगवेगळे आकडे दिसतात ते यामुळे.

पूर्वी हे ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उल्काघात पक्का केला. विवराच्या तळाशी भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांत दगडाचा चुरा झालेला थर आणि मॅस्केलिनाइट मिळालं. मॅस्केलिनाइट म्हणजे वितळल्याशिवाय, नुसत्या धक्क्याच्या दाबाने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार खनिज. ज्वालामुखीत एवढा दाब तयार होत नाही, म्हणून तो निर्णायक पुरावा.

आता कड्यावर उभं राहून काय बघायचं :
एक, कडेचा उंचवटा. आसपासच्या सपाट शेतांपेक्षा विवराची कड वीस-तीस मीटर उंच आहे. गाडी शेवटी चढ चढते तो हाच. आघाताने जमीन उचलली गेली आणि आतला माल बाहेर फेकला गेला, त्याचा हा बांध. नुसती खचलेली जमीन असती तर कड उचललेली नसती.
दोन, कड्याच्या वरच्या भागातले लाव्हाचे थर. पठारावर हे थर सपाट असतात, आपल्याकडच्या कुठल्याही दगडखाणीत बघा. लोणारच्या कड्यावर ते बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, आघाताने दुमडून उलटे पाडल्यासारखे. मुलांना हे आधी सांगून ठेवलं तर ती स्वतः शोधून काढतात.
तीन, ईशान्येकडची घळ. एरवी संपूर्ण गोल असलेली कड फक्त तिथे फाटली आहे, कारण तिथे पडणाऱ्या गोड्या पाण्याच्या धारेने ती कोरली.

"जगातलं एकमेव" असं ऐकाल, त्यात थोडी दुरुस्ती हवी. ब्राझीलमध्ये बेसॉल्टातली उल्काविवरं आहेत, पण ती फार जुनी आणि झिजलेली. आकार शाबूत असलेलं, थेट वाचता येणारं बेसॉल्टमधलं विवर बघायचं तर लोणारच. चंद्र आणि मंगळावरही बेसॉल्टचे खडक असल्यामुळे तिथली विवरं समजून घेणारे शास्त्रज्ञ इथे येतात. "जगात तिसऱ्या क्रमांकाचं मोठं" हे मात्र साफ चूक. भारतातच मध्य प्रदेशातलं ढाला आणि राजस्थानातलं रामगढ त्याहून मोठी आहेत.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये याला राष्ट्रीय भूवारसा स्मारक म्हटलं, २००० मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. तेव्हा तिथून दगड उचलून आणू नका, मुलांनाही आधीच सांगा.

दयानंदची_विद्यार्थिनी
पाणी गुलाबी दिसेल का? मुलांना तेच दाखवायचं असतं.

काळापाषाण
ताई, त्या आशेवर जाऊ नका. गुलाबी रंग जून २०२० मध्ये दिसला, उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी कमी आणि खारटपणा वाढलेला असताना. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं गुलाबी रंगद्रव्य सापडलं. पाऊस पडून पाणी पातळ झालं की रंग जातो. डिसेंबरात हिरवट पाणी दिसेल. तो हिरवेपणाही शेवाळवर्गीय सूक्ष्मजीवांचाच, कारण या पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास, म्हणजे फार क्षारीय असतो आणि त्यात मासे टिकत नाहीत. पाणी बाहेर जायला वाट नाही, येतं ते उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पूर्वी इथून क्षार काढले जायचे.

हातमाग
सातरस्तादादा, आई-बाबांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

खाली न उतरता तीन गोष्टी होतात. पहिली, कड्यावरून दर्शन. गाडी जवळपर्यंत जाते, चार पावलं चालावं लागतं. काही ठिकाणी कठडा नाही किंवा मोडका आहे, म्हणून मुलांचा हात सोडायचा नाही आणि सुट्ट्या खडीवर टोकाशी जायचं नाही.

दुसरी, गावातलं दैत्यसूदन मंदिर. विष्णूने लवणासुराला मारल्याची कथा या जागेची, आणि गावाचं नावही त्याच्यावरूनच सांगतात. चालुक्य काळातलं काम आहे. बाहेरच्या भिंतींवर भरगच्च शिल्पं आहेत, पण खरी नजर वर ठेवायची : आतल्या छतावर कोरीव पट आहेत आणि आत अंधार असतो. चांगली टॉर्च घेऊन जा, मोबाइलचा उजेड छतापर्यंत पुरत नाही. बाबांना पायऱ्या थोड्याच लागतील. नीट बघायला पाऊण तास द्या. खूप लोक हे मंदिर सोडून जातात याचं वाईट वाटतं, कारण गाडीतून उतरून इतक्या कमी कष्टात एवढं शिल्प क्वचित बघायला मिळतं.

तिसरी, गोमुखाची धार. कड्यालगतच बारमाही गोड्या पाण्याची धार पडते. आत एवढं खारं तळं आणि वर हे गोड पाणी. पायऱ्या आहेत, ओल्या आणि बुळबुळीत. बाबांनी वरूनच बघावं.

आता उतरण्याबद्दल. तुम्ही दोघं आणि मोठं मूल उतरू शकता, लहान मुलाची सवय तुम्ही जाणता. खाली जायला अर्धा-पाऊण तास, वर यायला तास. पायात बंद बूट हवेत, चपलेने मोकळ्या खडीवर पाय सरकतो. माणशी दीड-दोन लिटर पाणी न्या, खाली पिण्याचं पाणी नाही. वाट झाडीतून जाते, पूर्ण बाह्यांचा शर्ट असलेला बरा, बाभळीचे काटे लागतात. खाली कमळजा देवीचं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते तेव्हा गर्दी फार.

काठाशी काय चुकतं : वाळलेली दिसणारी पांढरी पापडी पायाखाली फुटते आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चिखलात पाय जातो. वासही येतो, सडलेल्या अंड्यासारखा, तो गंधकाच्या वायूचा. पाण्यात हात-पाय घालू नका, क्षाराने कातडी चरचरते. पाणी वाढलेलं असेल तर देवळाकडची वाट बुडते किंवा बंद ठेवतात. वनखात्याच्या चौकीवर आधी विचारा आणि ते नाही म्हणाले तर नाही. वानरं आहेत, खाण्याची पिशवी हातात लोंबती ठेवली की गेली. पडक्या देवळांत मधमाश्यांची पोळी असू शकतात, तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको.

तळ्याला पूर्ण फेरी मारायची टूम मुलं काढतील. काठाचा घेर पावणेचार किलोमीटरच्या आसपास आहे, पण वाट सलग नाही आणि तुमच्या वेळापत्रकात ती बसत नाही.

बार्शीकर_अ
रस्त्यातल्या खाण्याचं : बार्शीत नाश्ता करायला लवकर होतं, केजला बरोबर वेळ जुळते. दुपारचं जेवण घरून न्या. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कोरडी मटकीची उसळ बारा तास आरामात टिकते. दही वेगळ्या डब्यात. लोणारला जेवणाची सोय आहे पण सहा माणसांच्या ताटांची वाट बघण्यात पाऊण तास जातो, आणि तुम्हाला नेमका तोच पाऊण तास महाग आहे.
डिझेल माजलगावला भरून घ्या. सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतात, निघताना थंड असतानाच हवा तपासा, आणि सहा माणसं-सामान धरून गाडीच्या दारावरच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिलाय तो ठेवा.

रेल्वेलाईन्स
गाडी नसलेल्यांनी काय करावं? एसटीने जमतं का?

सीनाकाठ
जमतं, पण शेगावला जाता जाता म्हणून नाही, वेगळा मुक्काम करूनच. रेल्वेने जवळची स्टेशनं परतूर आणि जालना. दोन्हीकडून पुढे एसटीने लोणार, नाहीतर मेहकरवरून. लोणारच्या स्टँडवरून दैत्यसूदन मंदिर आणि धारेची बाजू पायी होते. ज्यांना एसटीने सोलापूर–शेगाव एका दमात करायचंय त्यांनी मध्ये उतरण्याचा विचार करू नये, सामानासकट पुढची बस धरण्यात संध्याकाळ जाते.
समृद्धी महामार्गाबद्दल विचारणा होईल म्हणून सांगतो : जालना आणि मेहकरला त्याला चढ-उतार आहे. जालन्यापर्यंत गेलेल्यांना मेहकर लवकर गाठता येतं, पण मेहकरहून लोणारला वीस-पंचवीस किलोमीटर मागे यावं लागतं. दुचाकीला तिथे बंदी आहे. सोलापूरकराला लोणारसाठी त्याचा उपयोग कमी, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान बघायचं असेल तर तो विचार करावा.

बाळीवेस
एक पर्याय कुणी मांडला नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघून बीडला मुक्काम करा. शनिवारी सकाळी सहाला निघून नऊ-साडेनऊला लोणार. गाव विवराच्या ईशान्येला आहे, म्हणून सकाळी त्या बाजूला उभं राहिलं की सूर्य पाठीशी आणि समोरची पश्चिमेची भिंत उजळलेली. काळापाषाण यांनी सांगितलेले कललेले थर त्या उजेडात स्वच्छ उठून दिसतात. साडेबाराला निघालात तरी साडेतीनला शेगाव. एक रात्र वाढते, पण आई-बाबांची सलग आठ तासांची बैठक मोडते आणि दर्शनाला संध्याकाळ मोकळी राहते. मघाशी मी विरोधात होतो, या वेळापत्रकात मात्र माझं मत : जावंच.

हातमाग
याला माझं पूर्ण अनुमोदन. गुडघेदुखीला दोन-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालणं आलंच, ते पहाटे पाचच्या बेतात नेहमी राहून जातं.

सातरस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. बेत असा धरतोय : शुक्रवारी संध्याकाळी पाचला निघून बीड मुक्काम, शनिवारी सकाळी वडवणी–माजलगाव–परतूर–मंठा करत लोणार. आधी कड्यावरून बघायचं, मग आई-बाबा दैत्यसूदन मंदिरात आणि मी मोठ्या मुलाला घेऊन खाली. साडेबाराला सगळे गाडीत. संध्याकाळी आणि नाही जमलं तर रविवारी पहाटे दर्शन, आणि रविवारी परत. काही चुकतंय का?

काळापाषाण
उतरण्याआधी वर पंधरा मिनिटं दोन्ही मुलांना बरोबर घेऊन थांबा. धाकट्याने निदान कड आणि थर वरून बघितले पाहिजेत. अंबर तळं विवराच्या उत्तरेला पाऊण किलोमीटरवर आहे, त्याच उल्केच्या तुकड्याने झालं असावं असं मानतात. हातात वेळ उरला तरच तिकडे जा, तिथे विवर म्हणून ओळखू येण्याजोगं फार थोडं दिसतं.

हातमाग
मंदिर आणि धार जवळ आहेत, पण आई-बाबांजवळ एक चालू मोबाइल आणि गाडीची दुसरी किल्ली राहू द्या. खाली झाडीत फोन लागेलच असं नाही. किती वाजता वर येणार ते उतरण्याआधी ठरवा आणि खालून हिशोबापेक्षा अर्धा तास आधीच वळा, चढायला जास्त वेळ लागतो.

सीनाकाठ
परतीचं बघा. शेगावहून धारूर २६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेपाच-सहा तास. रविवारी साडेदहापर्यंत निघालात तर घाट उजेडात पार होतो, ५४८-सी नेच या. साडेअकरा वाजून गेले तर चिखली–जालना–अंबड–गेवराई–बीड धरा आणि पुढे चौपदरीने तुळजापूर. तिथून रात्री यायला हरकत नाही, फक्त बीडला चालक बदला.